शंभर टक्के झालेली पोथी

१

रविवारी सकाळी सोहळ्याच्या प्रमुख पाहुण्यांनी चपला काढल्या, लाल बासनावर झेंडूचा हार वाहिला आणि डोळे मिटून हात जोडले. बासनात लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता.

ही गोष्ट त्या वेळी शहागडच्या वाचनालयात दोनच माणसांना ठाऊक होती. एक अध्यक्ष काकासाहेब, ज्यांनी तो गठ्ठा स्वतःच्या हातानं बांधला होता. दुसरे राधाकिसन, बियाणं-खताचे दुकानदार, ज्यांच्या घराण्याची खरी पोथी त्या बासनात असायला हवी होती. पाहुण्यांचा नमस्कार लांबला तसा काकासाहेबांचा घाम कानामागून कॉलरीत उतरला. राधाकिसन एकटक पंख्याकडं बघत होते. पंखा बंद होता.

पोथी रामकथेची, हातानं लिहिलेली. सुटी पानं, काळी शाई, खाली-वर लाकडी पाट्या आणि वरून गुंडाळायचं कापड, म्हणजे बासन. कुणी लिहून काढली ते कुणाला माहीत नव्हतं. शेवटच्या पानावर लिहिणाऱ्यानं आपलं नावगाव घातलं असावं, असं जाणकार म्हणत. राधाकिसनांच्या घरी ती चातुर्मासात वाचली जाई. पुढं 'पानोपान' नावाचं एक संकेतस्थळ निघालं, जुन्या हस्तलिखितांची नक्कल उतरवणारं, आणि काकासाहेबांनी पोथी वाचनालयाच्या कपाटात आणवली. पडद्यावर डावीकडं पानाचा फोटो, उजवीकडं रिकामी चौकट. दिसेल तसं टाईप करायचं. आधी यंत्र स्वतः वाचून बघे, पण शब्द न तोडता लिहिलेली जुनी ओळ दिसली की ते बेधडक काहीतरी ठोकून देई. रामानं बाण सोडला तिथं यंत्रानं 'रामाने बस सोडली' असं वाचलं होतं. म्हणून माणसं लागत.

माणसं म्हणजे दोन बायका. राधाकिसनांच्या आत्या जयवंताबाई चष्मा लावून पडद्यावरची ओळ मोठ्यानं वाचत, आणि सिराजोद्दीन पंक्चरवाल्याची मुलगी अफ्रीन ती टाईप करी. संकेतस्थळावर 'सर्वाधिक पानं वाचणारे' म्हणून नाव मात्र काकासाहेबांचं झळकत असे, कारण संगणक त्यांच्या नावानं उघडलेला होता.

बुधवारी पडद्यावरची हिरवी पट्टी शंभर टक्क्यांना टेकली. रविवारी सोहळा ठरला. शनिवारी संध्याकाळी काकासाहेबांनी पोथी काढायला कपाट उघडलं, तर बासन होतं, नीट घडी घातलेलं. पाट्या होत्या. पानं नव्हती. एकही.

सोहळा रद्द करावा असं त्यांच्या मनात आलं होतं, पण मंडपवाला येऊन बसला होता.

पाहुण्यांची गाडी हायवेला लागली तशी काकासाहेबांनी वाचनालयात चार माणसांसमोर तोंड उघडलं. "उद्या दहाला ठाण्यात तक्रार देतो. संशयित म्हणून नाव लिहायचं झालं तर एकच हाय."

ते नाव अफ्रीनचं होतं.

२

गोरक्षनाथ कोळेकर एसटीत तिकीट तपासनीस होते. निवृत्त होऊनही गावात त्यांना चेकरसाहेबच म्हणतात, आणि त्यांना बघून काही जण अजून उगाच खिसे चाचपतात. पोलिसांना जे जमत नाही ते त्यांना जमतं असा गावाचा समज आहे. त्यांचा स्वतःचा तसा समज नाही, पण त्यांनी तो कधी खोडूनही काढलेला नाही.

रविवारी दुपारी सिराजोद्दीन त्यांच्या ओट्यावर येऊन बसला. हाताचं काळं ऑइल त्यानं धुतलं नव्हतं.

"चेकरसाब, माझी पोरगी चोर हाय का न्हाई, एवढं सांगा. जल्दी सांगा. उद्या तिचं नाव ठाण्यात जाऊन राह्यलंय."

"तुला काय वाटतं?"

सिराजोद्दीन हायवेकडं बघत राहिला. एक ट्रक गेला, दुसरा गेला.

"मघाशी ती बाहेर गेल्ती," तो म्हणाला, "तव्हा मी तिची पेटी उघडली. कपडे, पुस्तकं, सगळं खाली काढलं. काहीच न्हाई निघालं. मंग परत भरायला लागलो तर बराबर भरताच येईना. तिची घडी निराळी असती. ती आली, पेटीकडं पाह्यलं, न् काहीच बोलली न्हाई. तव्हापासून तिच्याकडं पाणी बी मागवंना मला."

चेकरसाहेबांनी आतून पाण्याचा तांब्या आणून त्याच्यापुढं ठेवला.

"तिच्यावरच आळ कामून?"

"पोथीचं शेवटचं पान हाय ना, त्याचा फोटो हललेला आल्ता. पोरगी रोज म्हणायची, परत काढू द्या, लिहिणाऱ्याचं नाव त्यात हाय. अध्यक्षसाहेब कपाट उघडू देईनात. गुरुवारी संध्याकाळी भांडण झालं. ती सगळ्यांदेखत म्हन्ली, पान द्या, न्हाईतर मी माझ्या हातानं काढून घेते." त्यानं घोट घेतला. "चेकरसाब, पानोपानवाल्यांनी तिला पगारी वाचक म्हणून घ्यायचं कबूल केलंय. घरातली पहिली पोरगी हाय ती, जी बसून कमावल. चोरीत नाव गेलं तर कोण घेतंय तिला? आन् गाव तर आत्ताच म्हणून राह्यलंय, पोथीचं यांना काय."

"गाव म्हणतंच," चेकरसाहेब म्हणाले. "तू घर सोडून दुसरीकडं बघितलंस का?"

"दुसरीकडं म्हंजे?"

"तेच म्हणतो मी. पोथी गेली वाचनालयातून, न् तू उघडली घरची पेटी."

सिराजोद्दीननं मान खाली घातली. चेकरसाहेबांनी चपला घातल्या.

३

वाचनालय दिवसभर उघडं असतं. तिथं वर्तमानपत्र वाचणारे बसतात, पण ते मान वर करत नाहीत. कपाटाची किल्ली कॅलेंडरच्या मागं खिळ्याला लटकते. हे गुपित गावात सर्वांनी मिळून जपलं आहे.

चेकरसाहेब आत गेले तेव्हा काकासाहेब हारातली फुलं वेगळी करत होते. हार पुन्हा वापरता यावा असा त्यांचा हिशोब असावा.

"मला एकच विचारायचंय," चेकरसाहेब म्हणाले.

एवढ्यावर काकासाहेबांचे डोळे भरून आले.

"मला ठाऊक होतं. कधी ना कधी कुणीतरी विचारणारच. एक बी पान मी वाचलेलं न्हाई, चेकरसाहेब! मला ते वळण लागतच न्हाई. सगळं त्या दोघींनी केलं, न् नाव माझं आलं. जिल्ह्यात पहिला आलो मी! सत्कारात शाल घेताना अंगावर काटा आला."

"थंडी होती," चेकरसाहेब म्हणाले. "मी कपाट दाखवता का विचारणार होतो."

काकासाहेबांनी रुमालानं नाक पुसलं आणि किल्ली काढली.

कपाटातल्या सगळ्या फळ्यांवर धूळ होती. पोथीची फळी तेवढी पुसलेली. तिच्यावर वर्तमानपत्राचा कागद, कागदावर चार-दोन तांदळाचे दाणे, कुंकवानं लाल झालेले.

"ह्या अक्षता?"

"लग्नपत्रिकांतल्या. गठ्ठा इथंच ठिवलेला असतो ना. अध्यक्ष म्हन्लं की पत्रिका येतातच."

चेकरसाहेबांनी एक दाणा उचलला. दाण्याखाली कागदावर लाल ओला डाग उमटून वाळला होता. त्यांनी गठ्ठ्यातली एक पत्रिका झटकली. तिच्यातले तांदूळ खडखडीत कोरडे, पिवळे. डाग पडायला दाणा ओला असावा लागतो, आणि पत्रिकेत ओले तांदूळ कुणी घालत नाही.

"अजून एक, काकासाहेब. शेवटचं पान वाचलंच न्हाई, तर शंभर टक्के कसे झाले?"

काकासाहेबांनी वर्तमानपत्र वाचणाऱ्यांकडं पाहिलं. कुणीही मान वर केली नाही, पण एकाचं पान बऱ्याच वेळात उलटलं नव्हतं.

"मी दाबलं," ते पुटपुटले. "तपासणाऱ्याला हक्क असतो. बुधवारी 'वाचून झालं' असं दाबून टाकलं. पाहुण्यांची तारीख मिळाली होती हो. नव्व्याण्णव टक्क्यांना कोण हार घालतं?"

४

राधाकिसन दुकानात नव्हते. दुकानामागं खताच्या पोत्यांवर बसले होते. चेकरसाहेब दिसताच ते उभे राहिले.

"मी विकली न्हाई," ते म्हणाले.

"मी काही म्हन्लोच न्हाई."

"नुसता भाव विचारला होता! संभाजीनगरचा एक माणूस आल्ता, जुन्या वस्तू घेतो. मी म्हन्लं, बघू तरी काय म्हणतो. तो म्हन्ला, पाट्या, बासन, सगळं सकट पाहिजे, नुसत्या पानांना कोण विचारतं. बस्स, एवढंच बोलणं. मंग मला तीन दिस जेवण गेलं न्हाई. आजोबा-पणजोबांची पोथी, न् मी भाव विचारून राह्यलो! पोथी गेली म्हन्ल्यावर पहिलं मला वाटलं, मीच नेली का काय."

"पण त्या माणसानं नेली नसणार," चेकरसाहेब म्हणाले. "त्याला पाट्या-बासन पाहिजे होतं, न् नेमकं तेच मागं राह्यलंय."

राधाकिसनांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच रंग आला. त्यांना ही साधी गोष्ट सुचली नव्हती. आपणच गुन्हेगार असं धरून चाललं की माणूस पुरावा बघत नाही.

"जयवंताबाईंना कळवलंत का?"

रंग परत गेला.

"न्हाई. आत्या गुरुवारी दुपारीच अंतरवालीला गेल्यात, दैवशालाकडं. लेकीकडं चार दिस. उद्या सकाळच्या गाडीनं येतील. फोन करावा वाटला, पण पोथी गेली म्हन्ल्यावर त्या विचारणार, शेवटी कुणाला दाखवली होतीस? मंग त्या माणसाचं निघणार. मला सांगवंना."

"म्हंजे वर्षानुवर्षं जिनं पोथी वाचली, तिलाच कुणी विचारलं न्हाई."

"म्हाताऱ्या बाईला कशाला घोर," राधाकिसन म्हणाले, आणि पोत्यावरची सुतळी उसवत बसले.

चेकरसाहेब घराकडं निघाले. नोकरीत ते एक गोष्ट शिकले होते. ज्याच्याकडं तिकीट असतं तो चेकर दिसला की घाबरा होऊन सगळे खिसे चाचपतो. ज्याच्याकडं नसतं तो खिडकीतून कपाशी बघतो. इथं तर गावातला जो भेटेल तो खिसे उलटे करून दाखवत होता. कुणी खिडकीबाहेर बघतच नव्हतं. चोर असा नसतो.

घरी पोचले तर त्यांच्या पत्नी ओट्यावर स्टीलची एक वाटी पुसत होत्या.

"जयवंताबाईंची वाटी द्यायची राह्यली," त्या म्हणाल्या. "रिकामी कशी देऊ? गूळ घालून ठिवते."

"कसली वाटी?"

"अहो, गुरुवारचा प्रसाद न्हाई का? शिरा. तुम्ही दोनदा मागून खाल्ला. गल्लीभर वाटून गेल्या त्या, गाडीला जायच्या आधी."

"कशाचा प्रसाद होता?"

"पोथीच्या समाप्तीचा म्हन्ल्या."

चेकरसाहेब वाटीकडं बघत राहिले. चातुर्मासाची समाप्ती कार्तिकात होते. आता माघ चालू होता.

५

एसटीत क्वचित एक तिसरा प्रवासी भेटे. तिकीट लागतं हेच त्याला ठाऊक नसे. तो खिसे चाचपत नसे, खिडकीतूनही बघत नसे. चेकर आला की सरकून त्याला जागा देई आणि शेंगा पुढं करी.

पानं नेणाऱ्यानं फळी पुसली होती, ओल्या अक्षता वाहिल्या होत्या. बासनाची घडी घालून ते मागं ठेवलं होतं, म्हणजे त्यात परत काही बांधलं जाणार असं त्याला वाटत होतं. आणि दुपारी त्यानं, म्हणजे तिनं, सगळ्या गल्लीला शिरा वाटला होता. पुरावा गल्लीनं खाल्ला होता. चेकरसाहेबांनी दोनदा.

इकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. पोथी झिजली, तिची नवी नक्कल उतरून झाली, की जुनी गंगेला द्यायची. रद्दीत नाही, चुलीत नाही. नवी घरात आणि जुनी पाण्यात, अशी ती रीत. पाट्या-बासन तेवढं नव्या पोथीसाठी ठेवायचं.

चेकरसाहेब तिन्हीसांजेच्या आधी सिराजोद्दीनच्या घरी पोचले. अफ्रीन अंगणात बसून पेटीतले कपडे नव्यानं घडी करत होती.

"पोरी, जयवंताबाईंनी गुरुवारी तुला काही विचारलं होतं का?"

"सकाळी आल्या होत्या, चेकरकाका. गाडीला जायचं होतं म्हणून लवकर. काम नव्हतं, पडदा बघायला आल्या. हिरवी पट्टी बघून लई खूश झाल्या."

"आन् काय म्हन्ल्या?"

"म्हणाल्या, नक्कल पुरी उतरली का गं? सगळी?"

"तू काय म्हन्लीस?"

अफ्रीनचे हात थांबले.

"हो म्हणाले. काकासाहेबांनी बटण दाबलं होतं, ते कसं सांगणार? त्यांनीच तर मला काम दिलं. मला वाटलं, रविवारच्या आत पान काढून गुपचूप वाचून टाकू, कुणाला कळणार पण नाही. मग आजींनी विचारलं, नवी कधी येणार? मी म्हणाले, छापून येईल. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला, आणि..."

ती बोलायची थांबली. चेकरसाहेबांनी तिच्याकडं न बघता अंगणातल्या कोंबडीकडं बघितलं. काही माणसांना एखादी गोष्ट कळताना त्यांच्याकडं बघू नये.

"गंगेला दिली," अफ्रीन म्हणाली. "माझ्या 'हो'वर."

"तसंच दिसतंय."

"फोटो आहेत सगळ्या पानांचे. शेवटचं सोडून." तिनं ओढणीनं तोंड दाबलं. मग एकदम उठली. "काका, त्यांना सांगू नका. हात जोडते. त्यांना वाटतंय, पुण्य केलं. आयुष्यभर वाचली त्यांनी ती. सांगितलं तर त्या जेवणार नाहीत."

"मंग सकाळी तुझं नाव ठाण्यात जाईल."

"जाऊ द्या."

"बापाचं काय?"

आतून सिराजोद्दीनचा खोकला ऐकू आला. तो दाराआड उभा होता, आणि किती वेळ उभा होता ते विचारण्यासारखं नव्हतं.

६

सोमवारी सकाळी वाचनालयात काकासाहेबांनी तक्रारीचा कागद मोठ्यानं वाचायला घेतला. राधाकिसन होते. सिराजोद्दीन दारात उभा होता, अफ्रीन संगणकापाशी. चेकरसाहेबांनी रात्रभर विचार करून एक बेत आणला होता: नाव न घेता एवढंच सांगायचं की पोथी चोरीला गेलेली नाही, आणि काकासाहेबांना त्या बटणाची आठवण करून द्यायची. कागद आपोआप फाटला असता.

"काकासाहेब, वाचायच्या आधी जरा बाहेर या," ते म्हणाले.

"वाचू द्या. 'आमच्या वाचनालयाच्या कपाटातून रामकथेची प्राचीन पोथी चोरीस गेली असून...'"

"कोन्ती पोथी?"

दारात जयवंताबाई होत्या. थेट गाडीवरून आलेल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेली बोरं. सिराजोद्दीन बाजूला सरला.

"आपलीच, आत्या," राधाकिसन कसंबसं म्हणाले.

"आपली कशी चोरीला जाईल?" त्या हसल्या. "ती तर म्या गंगेला दिली, बिस्तरवारी, गाडीला जायच्या आधी. पूजा केली, नारळ फोडला, घाटावर उतरून हातानं सोडली. पान पान असं गेलं बघा, जसं कुणी वाचतच बसलंय." त्यांनी बोरांचं फडकं अफ्रीनपुढं उकललं. "घे. अंतरवालीची हायेत. नवी छापून आली का?"

बाकावर वर्तमानपत्र वाचणाऱ्यांनी आज मान वर केली होती.

"काय झालं?" जयवंताबाईंनी एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. "अफ्रीन?"

"काही नाही, आजी. बोरं गोड असतील."

"तोंडात घातलं न्हाईस अजून, गोड कसं कळलं?"

अफ्रीननं बोर उचललं. ते तिला तोंडापर्यंत नेता येईना.

शेवटी काकासाहेबच बोलले, आणि त्यांच्या आयुष्यातलं ते सर्वांत छोटं भाषण होतं. "शेवटचं पान राह्यलं होतं, आत्याबाई. फोटू हललेला होता. मी खोटंच पुरं झालं म्हणून दाबलं." मग ते म्हणाले, "आन् नक्कल झाली तरी जुनी ठेवायची असती. हे तुम्हाला सांगायचं कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई."

जयवंताबाई बाकावर बसल्या. वाचणाऱ्यांनी सरकून जागा दिली.

"म्हंजे ज्यानं लिव्हली त्याचं नाव?"

"त्या पानावर होतं."

"म्या ते पान कधी वाचलंच न्हाई," त्या हळू म्हणाल्या. "समाप्ती झाली की फूल वाहायचं न् बांधायची. लिव्हणाऱ्याच्या नावाशी काय काम, म्हणायची मी. इतकी वर्सं हातात होतं."

मग एकदमच सगळे बोलू लागले. राधाकिसन म्हणाले, चूक माझी, मी फोन केला असता तर आळ तरी आला नसता. काकासाहेब म्हणाले, माझीच. सिराजोद्दीन दारातून म्हणाला, माझी बी हाय, मी पोरीवर शक केला. चेकरसाहेबांनी शिऱ्याचं सांगावं की नाही याचा विचार केला आणि गप्प राहिले.

"आळ?" जयवंताबाईंनी तेवढा एकच शब्द धरला. "कुणावर?"

काकासाहेबांनी तक्रारीचा कागद पाठीमागं नेला. जयवंताबाईंनी हात पुढं केला आणि तो तसाच धरून ठेवला. बराच वेळ. शेवटी कागद हातात आला. त्यांनी चष्मा लावला आणि पोथी वाचतात तसा तो सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचला. अफ्रीनच्या नावापाशी बोट थांबलं.

"मशिन उघड," त्या म्हणाल्या. "जगाला दिसतंय ना ते? त्या पानाच्या जागी काय दिसतं?"

"रिकामी चौकट," अफ्रीन म्हणाली. "कारण लिहायला जागा असते. पान का नाही याचं."

"मंग लिव्ह. मी सांगते. शेवटचं पान न् सगळी पोथी जयवंताबाईनं कुणाला न विचारता गंगेला दिली. लिव्हलंस? पोरीनं तिला हात बी लावला न्हाई."

"आत्याबाई, नाव कशाला?" काकासाहेब कळवळले. "सगळ्या दुनियेत वाचतात ते. पुरात गेली असं लिहू."

"माघात कोन्ता पूर?"

काकासाहेब खाली बसले.

"वाच," जयवंताबाई म्हणाल्या. अफ्रीननं वाचून दाखवलं. एकही ओळ सोडली नाही.

"बराबर हाय." जयवंताबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. पिशवी विसरल्या, राधाकिसनांनी उचलली आणि ते त्यांच्या मागोमाग निघाले. घराकडं जायच्या रस्त्यावर त्या डावीकडं वळल्या, गंगेकडं. राधाकिसनांनी थांबवलं नाही, पण ते बाजूनं चालू लागले.

काकासाहेबांनी तक्रारीचा कागद चार तुकडे करून खिशात घातला. सिराजोद्दीन आत आला आणि लेकीच्या खुर्चीमागं उभा राहिला. हात कुठं ठेवावा ते त्याला कळत नव्हतं.

"सुटलीस, बेटा," तो म्हणाला.

अफ्रीन पडद्याकडं बघत होती. मग तिनं ओळीत मागं जाऊन 'कुणाला न विचारता' हे शब्द पुसले.

"अगं," चेकरसाहेब म्हणाले, "तुझं नाव आत्ताच निघालंय त्याच्यातून."

"त्यांनी विचारलं होतं, काका."

तिनं रिकाम्या जागेत लिहिलं: 'अफ्रीनला विचारून'. आणि खाली एक ओळ जोडली: 'पान राहिलं आहे हे अफ्रीनला माहीत होतं. ती हो म्हणाली.'

पडद्यावर प्रश्न आला, खात्री आहे का. अफ्रीननं सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं, अक्षर न् अक्षर, आणि मगच हो दाबलं.